पिवळ्या हातांचं टेबल

नेमाण्णा पुस्तक द्यायच्या आधी माणसाचे हात बघत. नुसते बघत नसत. उलटेपालटे करून बघत, नखांत डोकावत आणि शंका आलीच तर तळवा नाकाशी नेऊन वासही घेत. सांगलीच्या पेठेतल्या आमच्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल. वकील असो की व्यापारी, त्यांच्या जाळीच्या खिडकीपाशी आला की त्याने मुकाट हात पुढे करायचे. एका शाळामास्तरांनी एकदा नकार दिला, तर नेमाण्णांनी त्यांना पुस्तकच दिलं नाही. "मास्तर, खडूचं हात हायत तुमचं. पुसून या," एवढंच म्हणाले.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेन. आमचं गाव पलूसच्या बाजूचं; शिक्षणासाठी मी सांगलीत मामांकडे राहत होतो. मामांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि घरात छापील वस्तू म्हणजे भिंतीवरचं पंचांग. नेमाण्णांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की काही न चोरता मला पळून जावंसं वाटलं.

"कुणाचा रं तू?"

मी मामांचं नाव सांगितलं.

"मामा वाचतोय काय?"

"नाही."

"मग तुला कशाला पायजे पुस्तक?"

"वाचायला."

"समदी असंच म्हणत्यात," ते म्हणाले. तरी त्यांनी माझे हात तपासले आणि समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक खिडकीतून पुढे सरकवलं. "पान मुडपलंस तर मला कळतंय. मला समदं कळतंय."

नदीपलीकडच्या एका खेड्यातल्या जैन शेतकरी घरातले ते. उंच, कोरडे, डोक्याला रुमाल आणि अंगातल्या कोटाची बटणं उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत लावलेली. बटण उघडं टाकलं तर कुणी आत हात घालील, अशी त्यांना भीती असावी. वाचनालयात छत्री आणायला बंदी होती. "छत्रीत दोन पुस्तकं मावत्यात. मी घालून बघितल्यात," असं ते सांगत. वाचता वाचता हसणाऱ्या माणसाला ते काही बोलत नसत. पण कुणी गप्प बसून भराभर पानं उलटू लागला की खुर्ची त्याच्या बाजूला वळवून बसत. परत आलेलं पुस्तक पान पान उलटून बघत आणि कुठल्या पानावरचा डाग कुणाच्या बोटाचा, हे छातीठोक सांगत. पेठेत त्याची ख्याती होती. लोक आपसांत म्हणत, की म्हातारा कोण काय वाचतो यावर नजर ठेवतो. ही नजर तो नेऊन कुठे पोचवतो, देव जाणे.

माझाही स्वभाव तसा संशयीच. दुकानदाराच्या घरात वाढलेला मुलगा आलेल्या प्रत्येक नाण्याचा आवाज ऐकून घेतो. त्यामुळे मला नेमाण्णा पटकन कळले असं मी म्हणणार नाही, पण त्यांची रीत ओळखीची वाटली.

वाचनालयाच्या पंचांना मात्र ते अजिबात पटत नसत. भांडण पोरांवरून होतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना वाचनालयात काय काम, ती कादंबऱ्या वाचून बिघडतात, असं पंचांचं म्हणणं. चिटणीस वकील होते, ते एकदा माझ्यासमोरच नेमाण्णांना म्हणाले, "तुम्ही एवढे संशयी, आणि या पोरांवर भरवसा टाकता?"

"भरवसा?" नेमाण्णा म्हणाले. "माझा एकाबी पोरावर भरवसा न्हाई, वकीलसाहेब. म्हणून तर हितं बसवतोय. ह्या वयात पोरगं कुठंतरी बसणारच. पानाच्या दुकानाम्होरं बसलं तर तुमाला चालतंय व्हय? हितं बसलं तर माझ्या डोळ्यांम्होरं तरी हाय."

पेठ हळदीची. वखारींतून, जमिनीखालच्या पेवांतून काम करणारी पोरं दिवस कलला की बाहेर पडत ती डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. त्यातली पाच-सहा एके दिवशी वाचनालयाच्या दारात येऊन उभी राहिली. त्यांना काय हवं होतं हे त्यांनाच नीट सांगता येत नव्हतं. सिदू नावाचा त्यांच्यातला थोरला म्हणाला, की हितं गोष्टी वाचाय मिळत्यात असं ऐकलं. नेमाण्णांनी त्यांचे हात पाहिले. मग त्यांना मागच्या दारी नेऊन साबण लावायला लावला, चिंच चोळायला लावली, राख चोळायला लावली. हळद काही हलली नाही.

दुसऱ्या कुणी त्यांना घालवून दिलं असतं. नेमाण्णांनी बराच विचार करून एक नियम काढला. पिवळ्या हातांनी पुस्तकाला शिवायचं नाही. ज्याचे हात स्वच्छ त्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. स्वच्छ हातांचा मी सापडलो. मागच्या दाराजवळ एक लांब टेबल होतं. त्याच्या टोकाला मी पुस्तक उघडून बसायचो आणि दोन्ही बाजूंना ही पोरं. आपसूक हात पुढे जाऊ नये म्हणून त्यांना हुकूम होता: "हात काखंत घाला." थंडी वाजल्यासारखी पोरं हात काखेत घालून बसत आणि तोंडं उघडी टाकून बोटीवरचं वादळ ऐकत. नेमाण्णा खिडकीपाशी पाठ करून बसलेले असत. मी अवघड शब्द आला की तो गाळून पुढे जायचो. पाठमोरा आवाज येई, "गिळलास की रं. भाईर काढ त्यो."

त्या टेबलाने आम्हाला काय दिलं, ते मला आज सांगता येतं. घरी आम्हाला कामं होती, शाळेत छड्या होत्या, वखारीत मुकादम होता. कामाशिवाय नुसतं बसायला मिळावं आणि बसल्याजागी जगातलं काहीतरी ऐकून त्यावर भांडताही यावं, अशी आमच्या वयाच्या पोरांना सबंध सांगलीत ती एकच जागा होती. बर्फात माणसं घर कसं बांधतात यावर सिदू आणि मी आठवडाभर भांडलो होतो. नेमाण्णा मध्ये पडले नाहीत. नकाशा काढून लांब धरून दाखवला आणि म्हणाले, "त्यो म्हणतोय म्हणून मानू नगा, आन् छापलंय म्हणून तर लगीच मानू नगा. ताडून बघा."

एका गोष्टीत मात्र त्यांची कडक शिस्त तुटे. जैन असल्यामुळे दिवस मावळायच्या आत त्यांना जेवावं लागे. ऐन वाचन रंगात आलं की ते उठत, कपाटांना कुलपं लावत, ती ओढून बघत, पुन्हा ओढून बघत, आणि जवळच्या खोलीवर जेवायला जात. तेवढ्या वेळात टेबलावरची पुस्तकं माझ्या ताब्यात असत. म्हणजे कुणाच्याच ताब्यात नसत.

सगळ्यात अधीर होता गणपा. तासगावकडच्या खेड्यातून कामाला आलेला, सोळाएक वर्षांचा, शाळा दुसरीत सुटलेली. लहानपणी विळा लागून त्याच्या उजव्या अंगठ्याला उभी चीर पडली होती. जखम भरली, पण अंगठा कायमचा दुभागला. नेमाण्णांची पाठ वळली की तो चित्रांचं एक भूगोलाचं पुस्तक पुढे ओढायचा आणि ओळीखाली अंगठा सरकवत अक्षरं जुळवायचा. दुसऱ्याने वाचून दाखवलेलं त्याला पुरत नव्हतं. "तू मधलं काय तरी खातोस गड्या," असं मला म्हणायचा.

नेमाण्णा जेवून आले की पुस्तक उघडत. "ह्यो फुटका अंगठा कुणाचा?" सगळे हात काखेत. ते गणपाकडे बघत, मग पानाकडे बघत. सुरुवातीच्या पानांवर ओळीगणिक ठसे होते. पुढे पुढे पानाला दोन-तीनच उरले. पोरगं वाचायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना नेमाण्णा तेच पुस्तक टेबलावर विसरून जात. कुलूप दोनदा ओढून बघणारा माणूस रोज एकच पुस्तक विसरतो, यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

बेचाळीसच्या चळवळीनंतरचे ते दिवस. पलीकडे सातारा जिल्हा धुमसत होता, आणि संस्थानाच्या हद्दीतल्या सांगलीतही कोण कुणाचा माणूस हे कळेनासं झालं होतं. मोठी माणसं रस्त्यात बोलताना आधी मागे बघत. एका सकाळी शाळेआधी मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, तेव्हा जमादार आला. त्याने खिशातून घडी केलेलं एक पत्रक काढून नेमाण्णांपुढे ठेवलं. सरकारविरुद्धचं होतं. हळदीच्या रिकाम्या बारदानात दडवून ते तासगावला चाललं होतं, तिथे सापडलं.

"ह्यावर हळदीचा अंगठा हाय," जमादार म्हणाला. "मधी चीर पडलेला. तुमच्याकडं हळदीची पोरं बसत्यात म्हणं. आन् तुमी अंगठा बघून मानूस वळखता, असं समदी पेठ म्हणतीया."

नेमाण्णांनी पत्रक हातात घेतलं, चष्मा वर-खाली केला आणि फार वेळ बघत राहिले. "हितला असंल तर पुस्तकांवर घावंल," ते म्हणाले. "आत्ता उजेड नीट न्हाई. उद्या सकाळी या. पुस्तकं काढून ठेवतो, ताडून बघू."

"फौजदारसाहेबांनाच आणतो. घावला तर त्या पोराची कातडी सोलत्यात बघा ते. आन् मग तुरुंग."

बाहेर लख्ख ऊन होतं. उजेड नाही म्हणणारा माणूस उजेडातच बसला होता. म्हातारा एक दिवस कशाला मागतोय, हे मला कळेना, आणि जे कळलं असं वाटलं ते चांगलं नव्हतं.

मी शाळेतून तडक वखारीवर जाऊन पोरांना सांगितलं. गणपाचा चेहरा उतरला. पत्रकं त्यानेच बारदानात घातली होती. आम्हाला ते तेव्हा कळलं. सिदू म्हणाला, "म्हातारा फुटला. पर आज न्हाई गेलो तर वहीम आपल्यावरच यील. जायचं. गणप्या, तूबी चल."

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे टेबलापाशी बसलो. पोरांनी हात काखेत घातले. नेमाण्णांनी त्या दिवशी दोन्ही कपाटं उघडी टाकली होती आणि टेबलावर पुस्तकांचे ढीग रचले होते.

"हात भाईर काढा," ते म्हणाले. "आज कुणी धुवायचं न्हाई. घ्या ही पुस्तकं. एकूणएक पान उलटा. समद्यांनी, समदी."

कुणी हललं नाही. त्या पुस्तकांना बोट लावल्याबद्दल ज्यांनी नेमाण्णांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्यांच्याच पुढ्यात आता ती ढकलली जात होती.

"कशापायी?" सिदूने विचारलं.

नेमाण्णांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे एक पेन्शनर गृहस्थ वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते. ते पान उलटत नाहीत, म्हणजे ऐकतात, असा नेमाण्णांना जुना संशय होता. मग त्यांनी आम्हा एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं, आमच्यापैकी कोण बाहेर जाऊन बोलेल याचा ते अंदाज घेत होते, आणि त्यांना एकाचीही खात्री वाटली नाही.

"सांगतोय ते करा," ते म्हणाले.

"आमचं अंगठं गोळा करताय व्हय, आण्णा?" सिदू उठला. "उद्या जमादाराला द्याय?"

नेमाण्णांचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एक वाक्य बोलले असते तर सगळं निभावलं असतं. ते बोलले नाहीत. सिदूने रागाने अंगावरची गोणपाटाची खोळ काढून बाकावर आपटली. "साताऱ्याकडं खबऱ्याच्या तळपायांना पत्री ठोकत्यात, ठावं हाय न्हवं?" एवढं म्हणून तो निघाला आणि त्याच्या मागे सगळी पोरं. गणपा शेवटी गेला. त्याच संध्याकाळी त्याने सांगली सोडली. थोड्या वेळाने पेन्शनरही वर्तमानपत्राची घडी घालून उठले.

मी राहिलो. खबऱ्या माणूस एकटा असताना काय करतो, हे मला बघायचं होतं.

नेमाण्णांनी दाराला आतून कडी लावली. दिवस कलला होता, त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी सिदूची खोळ उचलून टेबलावर झटकली. हळदीचा थर पडला. मग घागरीतल्या पाण्याने दोन्ही हात ओले करून ते त्या थरात घोळवले आणि भूगोलाचं पुस्तक पुढे ओढलं. मुडपलेलं पान बघून ज्यांना जेवण जात नसे, ते नेमाण्णा आपला पिवळा तळवा पानावर दाबत होते. दुभागलेल्या अंगठ्याच्या प्रत्येक ठशावर तळवा ठेवून ते चोळत आणि खूण दिसेनाशी झाली की पान उलटत.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खुणा एका पुस्तकात असत्या तर त्यांनी ते लपवलं असतं. पण भूगोलाखेरीज टेबलावरच्या इतर कितीतरी पुस्तकांतूनही गणपाचा अंगठा फिरला होता. तो पुसता येत नव्हता. बुडवता येत होता.

"बघतोस काय? हात लाव," ते म्हणाले.

मी हात हळदीत घातले. आम्ही पुस्तकामागून पुस्तक पिवळं करत गेलो. मध्येच अंधारलं म्हणून कंदील लावला. मला आठवण झाली. "नेमाण्णा, तुमचं जेवण राहिलं."

"आज उपास," ते म्हणाले.

सगळं आवरल्यावर त्यांनी मला समोर उभं केलं. "काय बघितलंस?"

"काही नाही."

"त्या पोराचं नाव ह्या जाग्यात घ्यायचं न्हाई. कवाच."

"पण नेमाण्णा, पोरं तुम्हाला खबऱ्या म्हणतील. मी सिदूला तरी सांगतो."

"म्हणू देत. मी खबऱ्या हाय असं वाटलं तर कुणी हिकडं फिरकणार न्हाई. न्हाई फिरकलं तर घावणार न्हाई. तू गप."

सकाळी फौजदार आला. उघडेल ते पुस्तक पिवळं, उलटेल ते पान पिवळं. "हे काय आहे?" त्याने विचारलं. "हळदीची पेठ हाय, साहेब," नेमाण्णा म्हणाले. "माझी पाठ फिरली की पोरं हात लावत्यात. कवाधरनं बोंबलतोय, ऐकतंय कोण?" फौजदाराचीही बोटं पिवळी झाली. ती रुमालाला पुसत त्याने जमादाराकडे असं काही पाहिलं, की जमादार पत्रक खिशात घालून मुकाट मागे निघाला. गणपा वाचला. पोरांनाही कुणी धरलं नाही.

नेमाण्णा मात्र वाचले नाहीत. पंचांनी पुस्तकं पाहिली आणि सभा बोलावली. चिटणीसांनी विचारलं, हे झालं कसं? नेमाण्णांनी उत्तर दिलं, "माझं लक्ष न्हवतं." आयुष्यभर ज्यांचं प्रत्येक गोष्टीवर लक्ष होतं, त्यांना हे वाक्य भर सभेत बोलावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांना काढून टाकलं गेलं. अठरा वर्षांखालच्यांना वाचनालय बंद झालं. टेबल मागच्या पडवीत गेलं आणि त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचले गेले.

ते नदी ओलांडून गावी निघाले तेव्हा पोचवायला मी एकटा होतो. पोरं वखारीच्या दारात उभी होती, पण एकही पुढे आला नाही. सिदू तर रस्त्यात थुंकला. मी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा नेमाण्णांनी माझं मनगट असं आवळलं की दोन दिवस दुखत होतं.

स्वातंत्र्य आलं. गणपा परतला. तीन वर्षं रानोमाळ लपतछपत काढली होती त्याने, आणि मिळेल तो कागद वाचला होता. आता वर्तमानपत्र घडाघडा वाचत होता. त्याच्याही मनात नेमाण्णा खबऱ्याच होते. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चल. आत्ताच्या आत्ता."

नेमाण्णा वारले त्याच्या आदल्या वर्षीची ही भेट. नदीपलीकडच्या घरी ते सोप्यात जोत्यावर बसले होते, कोट तसाच गळ्यापर्यंत बंद, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. गणपाने पायांवर डोकं ठेवलं.

"आण्णा, मी गणपा. माझ्यापायी तुमची नोकरी गेली. नाव गेलं."

"कोण गणपा?" नेमाण्णांनी पाय मागे घेतले. "माझ्या टेबलावर गणपा न्हवता कवा."

"आवं आण्णा, तासगावकडचा. तुमी भूगोलाचं पुस्तक टेबलावर ठिवत होतासा माझ्यासाठनं."

"मी पुस्तक टेबलावर ठेवत न्हाई. कपाटात ठेवतोय."

"आता राज्य आपलं हाय, आण्णा," गणपा म्हणाला. "आता मला कोण धरणार?"

"राज्य कुणाचंबी असू दे," नेमाण्णा म्हणाले. "जमादार त्योच हाय न्हवं?"

जमादार खरंच तोच होता, फक्त टोपी बदलली होती. नेमाण्णांच्या सुनेने आम्हाला ताक दिलं. ते पिऊन होईपर्यंत म्हातारा शेंगांच्या भावाबद्दल बोलत राहिला. निघताना त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि कानाशी हळूच म्हणाले, "ह्याला एकट्याला सोडू नगंस. आन् येताना कुणी बघितलंय का, ते बघ."

नावेत बसल्यावर मी ते गणपाला सांगितलं. "अजून लपवतोय मला म्हातारा," असं तो म्हणाला, आणि नावेतल्या सगळ्या माणसांदेखत मोठमोठ्याने रडला.